नवनियुक्त शिक्षकांचे उद्बोधन व मार्गदर्शन (मराठवाडा)

नोकरीत नव्याने लागलेल्या शिक्षकाला पहिल्या दोन-तीन वर्षांत शाळेची, गावाची आणि वर्गाची नीट ओळख करून देण्याची, तसेच अनुभवी शिक्षकाच्या सोबतीने त्याचे शिकवणे घडवण्याची व्यवस्था. उद्बोधन ठरावीक दिवसांचे असते: नियम, नोंदी, अभ्यासक्रम, मूल्यमापन. मार्गदर्शन लांबणारे असते. त्यात एका शिक्षकाने दुसऱ्याच्या वर्गात पुन्हापुन्हा जाऊन मागे बसायचे आणि नंतर त्याच्याशी बोलायचे असते. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत यातले पहिले कमी-अधिक प्रमाणात होते. दुसरे बहुतेक ठिकाणी शेजारच्या वर्गातल्या गुरुजींच्या भलेपणावर सोडलेले असते.

पूर्वपीठिका : १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. स्वामी रामानंद तीर्थ ज्या हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांत शिकवत, तशा राष्ट्रीय वळणाच्या मराठी शाळा मोजक्याच होत्या. त्यामुळे शिक्षक घडवणाऱ्या संस्थांचे जाळे इथे उशिरा विणले गेले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘डायट’, उभ्या राहिल्या. बीडची डायट अंबाजोगाईला आहे, लातूरची मुरुडला. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम १९९४ मध्ये सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेले पहिले पाचही जिल्हे मराठवाड्यातले होते: औरंगाबाद, लातूर, उस्मानाबाद, नांदेड आणि परभणी. बीड आणि जालना दुसऱ्या टप्प्यात आले. तालुक्याचे गट साधन केंद्र, आसपासच्या शाळांच्या समूहाची केंद्रशाळा, दहाएक शाळांमागे एक केंद्रप्रमुख आणि केंद्रातल्या शिक्षकांची महिन्याची बैठक म्हणजे शिक्षण परिषद ही रचना या काळात रुळली. नवशिक्षकाला आधार देण्यासाठी लागणारा सांगाडा म्हणजे हाच, आणि तो तीस वर्षांपासून उभा आहे.

शिक्षणसेवकाची तीन वर्षे : महाराष्ट्रात २००० पासून नवा शिक्षक आधी तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर काम करतो आणि मग वेतनश्रेणीत येतो. प्राथमिक शाळेतले मानधन बरीच वर्षे दरमहा ६,००० रुपये होते. २०२३ मध्ये ते १६,००० झाले. उमेदवारीची तीन वर्षे ही कोणत्याही मार्गदर्शन कार्यक्रमाला हेवा वाटावा अशी मुदत आहे. पण योजना आखली गेली ती वेतनखर्चाच्या हिशोबाने. या तीन वर्षांत शिक्षकाने काय शिकावे, कोणाकडून शिकावे, याची तीत तजवीज नाही. मुदत संपली की सेवापुस्तिका, कागदपत्रांची पडताळणी आणि मुख्याध्यापकाचा समाधानकारक सेवेचा दाखला पाहिला जातो. वर्गात कोण किती वेळा येऊन बसले, हे कुठेच विचारले जात नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला, आणि राष्ट्रीय मार्गदर्शन अभियानाची कल्पना मांडली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने अभियानाचा दस्तऐवज २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. तालुक्याच्या पातळीवर त्यातले ५० तास तेवढे पोचले आहेत, कारण तासांचे प्रमाणपत्र निघते.

नव्या शिक्षकापुढचे प्रश्न : डी.एल.एड. (जुने डी.एड.) किंवा बी.एड.च्या आंतरवासितेत छात्रशिक्षक एका वेळी एक वर्ग, एक विषय आणि छान रंगवलेला तक्ता घेऊन उभा राहतो. जिल्हा परिषदेच्या वस्तीवरच्या शाळेत तो रुजू होतो तेव्हा शिक्षक दोनच असतात. पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. रुजू अहवालावर सही होते आणि थोड्याच दिवसांत त्याच्या हाती पोषण आहाराची नोंदवही, यू-डायसची (शाळांच्या सरकारी माहितीप्रणालीची) माहिती आणि शाळेच्या लॉगिनचा पासवर्ड येतो. नवीन पोरगा आहे, मोबाईल चांगला चालवतो. ऑनलाइन कामे नव्याच्या गळ्यात पडणे हा आता इतका रूढ प्रकार आहे की त्यालाच उद्बोधन म्हणावे की काय, असा प्रश्न पडतो.

दुसरा प्रश्न भाषेचा. पवित्र पोर्टलवरची भरती राज्यस्तरावरच्या गुणवत्तेने होते. मराठवाड्यातली कितीतरी मुले-मुली कोकणात शिक्षक म्हणून गेली आणि आंतरजिल्हा बदलीची वाट पाहत बसली. तसाच दुसऱ्या टोकाचा उमेदवार किनवटला येतो. किनवट-माहूरकडे गोंडी आणि कोलामी आहे, देगलूर-बिलोली-धर्माबादला तेलुगू, उदगीर-निलंग्याच्या सीमेवर कन्नड, आणि जागोजागच्या तांड्यांवर बंजारा समाजाची गोरमाटी. पहिलीच्या वर्गात शिक्षक फळ्यावर ‘आई’ लिहून चित्र दाखवतो आणि पोरे गप्प. त्याला वाटते, मुले मागे आहेत. चार वर्षे त्याच तांड्यावर काढलेले गुरुजी दारातून म्हणतात, “याडी म्हणा की सर.” वर्ग एकदम बोलू लागतो. गोरमाटीत आईला याडी म्हणतात, हे डी.एल.एड.च्या कुठल्या पेपरात येत नाही. खरे तर अशा तीस-चाळीस शब्दांची यादी हे केंद्राने नव्या शिक्षकाच्या हाती द्यायचे पहिले साहित्य असायला हवे.

तिसरा प्रश्न ऊसतोडीचा, विशेषतः बीड जिल्ह्यात आणि लगतच्या तालुक्यांत. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलकडे परततात. जूनपासून जीव तोडून पटावर आणलेली मुले दिवाळीच्या सुट्टीनंतर दिसेनाशी होतात. नव्या शिक्षकाला हा स्वतःचा पराभव वाटतो. जुन्या शिक्षकाला कॅलेंडर पाठ असते. कोणत्या घरची आजी मागे राहते, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव दिवाळीच्या आधी कधी हलवावा लागतो, जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक देऊन तिकडच्या शाळेत कसे बसवायचे, आणि परत आल्यावर त्याला चार महिन्यांचे गाठोडे न देता कुठून सुरुवात करून द्यायची, हे त्याला ठाऊक असते. हे ज्ञान लिहिलेले नाही. ते माणसांत आहे, आणि बदली किंवा सेवानिवृत्तीबरोबर शाळेतून निघून जाते.

मार्गदर्शक कोण असावा : कागदावर ही जबाबदारी केंद्रप्रमुखाची. त्यांच्याकडे मुळात दहा-बारा शाळा असतात. पदे रिक्त राहिल्याने एकेकाकडे दोन-तीन केंद्रांचा कार्यभार असतो, आणि दिवस माहिती गोळा करण्यात जातो. त्याहून खोल अडचण नात्याची आहे. केंद्रप्रमुख शेरेपुस्तकात लिहितात. ज्याच्या शेऱ्याला किंमत आहे त्याच्यासमोर कोणी “मला भागाकार शिकवता येत नाही” असे कबूल करत नाही. साहेब येणार म्हटले की टाचणवही (पाठांच्या पूर्वतयारीची वही) पूर्ण होते, वर्ग सारवल्यासारखा स्वच्छ होतो आणि ठेवणीतला पाठ बाहेर येतो. तपासणारा आणि शिकवणारा एकच असला की तपासणी शिल्लक राहते. मुख्याध्यापकाबद्दलही हेच, कारण सेवा समाधानकारक असल्याचा दाखला तेच देतात. खाजगी अनुदानित शाळांत तर परिवीक्षेच्या निर्णयाची दोरी संस्थेच्या हाती असते, त्यामुळे तिथला नवा शिक्षक आणखी जपून बोलतो.

म्हणून मार्गदर्शक हा त्याच केंद्रातला, अहवाल लिहिण्याचे अधिकार नसलेला सहशिक्षक असावा, हे उत्तर वरचढ ठरते. त्याचे काम कसे दिसते ते पाहण्यासारखे आहे. तो मागे पोरांमध्ये बसतो आणि वहीत फक्त खुणा करतो. मधल्या सुट्टीत कडुलिंबाखाली बोलणे होते. “सर, पंधरा मिनिटांत तुम्ही बावीस प्रश्न विचारले. उत्तरं पुढच्या रांगेतल्या तिघांनीच दिली. भिंतीकडच्या पोरींना एकही प्रश्न गेला नाही.” “लक्षातच नाही आलं, गुरुजी.” “माझ्याही नसतं आलं. उद्या माझ्या तिसरीत या आणि माझे मोजा.” शेवटचे वाक्य महत्त्वाचे. आपला वर्ग आधी उघडा करणारा शिक्षक चालतो. नुसता ज्येष्ठ, सेवाज्येष्ठता यादीत वर असलेला, चालतोच असे नाही.

इतरत्र : नवशिक्षकाला वास्तवाचा धक्का बसतो हे सायमन वेनमन यांनी १९८४ मध्ये अनेक देशांतील अभ्यासांच्या आढाव्यातून मांडले. नवशिक्षकांच्या अडचणींत सर्वांत वर होती ती वर्गातली शिस्त. रिचर्ड इंगरसोल आणि मायकेल स्ट्राँग यांच्या २०११ च्या आढाव्यात, आधार मिळालेले शिक्षक नोकरीत टिकतात आणि वर्गही चांगला चालवतात, असा निष्कर्ष बहुतेक अभ्यासांतून निघाला. जपानने १९८९ पासून पहिल्या वर्षाचे उद्बोधन सक्तीचे केले. इंग्लंडमध्ये २०२१ पासून ते दोन वर्षांचे आहे, आणि पहिल्या वर्षी शिक्षकाच्या तासिका १० टक्क्यांनी, दुसऱ्या वर्षी ५ टक्क्यांनी कमी होतात. आपल्याकडे नक्कल करायची तर प्रथम ही तासिकांची गोष्ट उचलावी. शिबिरे आपल्याकडेही आहेत. वेळापत्रकात मोकळी ठेवलेली तासिका नाही.

कार्यक्रम उभा करताना : दोनशिक्षकी शाळेत मार्गदर्शक बाहेरून येणार, म्हणजे त्याचा स्वतःचा वर्ग त्या दिवशी कोण पाहणार, इथेच बहुतेक चांगल्या योजना अडतात. त्यावर दोन व्यवहारी वाटा दिसतात. शिक्षण परिषदेचा अर्धा दिवस सूचना वाचण्याऐवजी नवा शिक्षक आणि मार्गदर्शक यांच्या जोड्यांसाठी राखून ठेवायचा (सूचना एरवीही आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर आलेल्याच असतात), किंवा भेटीच्या दिवशी साधनव्यक्तींनी, म्हणजे गट साधन केंद्रातल्या शिक्षकांना साहाय्य करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी, मार्गदर्शकाचा वर्ग सांभाळायचा. साधनव्यक्ती खरोखर वर्गावर उभे राहतील, हा त्यातला आणखी एक लाभ. पहिल्या वर्षी महिन्यातून एक भेट, दुसऱ्या वर्षी दोन महिन्यांतून एक, तिसऱ्या वर्षी नव्या शिक्षकाने दुसऱ्या नव्याच्या वर्गात बसायचे, एवढे माफक ठेवले तर ते निभते. भेटीची नोंद दोघांच्या वहीत राहावी. ती वर मागवली की तिचेही टाचण होते. नव्या शिक्षकाला पहिले वर्षभर पोषण आहार आणि ऑनलाइन कामांतून मोकळे ठेवणे बिनखर्चाचे आहे, आणि बहुधा म्हणूनच सगळ्यांत अवघड.

जोडी लावताना आणखी एक कागद बघावा लागतो. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या २०१७ पासून ऑनलाइन होतात, आणि अवघड क्षेत्रातल्या, म्हणजे दुर्गम ठरवलेल्या भागातल्या, शाळेवरचा मुरलेला शिक्षक मुदत भरली की बाहेर पडायला पात्र ठरतो. ज्याला मार्गदर्शक नेमायचे तो पुढल्या मे महिन्याच्या बदल्यांच्या यादीत आहे का, हे गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारून मगच नाव घालावे.