रस्त्यावर कुस्तीचा उपयोग किती?

१० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये पंजाबचा गामा पहिलवान आणि पोलंडचा झिबिस्को समोरासमोर आले. झिबिस्को सुरुवातीलाच खाली गेला आणि पोटावर पालथा पडून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ कुस्ती चालली, त्यातला बहुतेक वेळ तो तसाच चिकटून होता. गामाला त्याची पाठ काही लावता आली नाही, कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. आठवड्याने पुन्हा लढत ठरली, तेव्हा झिबिस्को आलाच नाही.

लोक वैतागले असतील, पण नियमांच्या हिशेबाने झिबिस्कोचं काहीच चुकलं नव्हतं. पाठ टेकली की हार, मग पोट टेकवून पडण्यासारखा बचाव दुसरा नाही. हाच बचाव रात्री एखाद्या गल्लीत करून पाहा. पाठीवर बसलेला माणूस मानेवर गुद्दे घालेल, गळा आवळेल, हाताशी दगड असेल तर तोही वापरेल, आणि आपल्याला तो दिसणारसुद्धा नाही.

कुस्ती अंगात काय मुरवते आणि कोणत्या सवयी लावते, हे दोन प्रश्न म्हणूनच वेगळे धरायला हवेत.

आधी अंगात मुरणाऱ्या गोष्टी. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या जरा खाली असतो. त्यातून खाली सोडलेली सरळ रेषा दोन पावलांनी व्यापलेल्या जागेत पडते तोवर माणूस उभा राहतो, बाहेर गेली की कोसळतो. आपल्याला पायच दोन असल्यामुळे ही जागा एका दिशेने लांब आणि दुसऱ्या दिशेने अरुंद असते. म्हणजे कितीही पक्का पवित्रा घ्या, एक दिशा कच्ची राहणारच. मल्ल सतत ती दिशा शोधत असतो. एकेरी पटात समोरच्याचा एक पाय उचलला की त्याचा सगळा तोल एका तळव्यावर येतो. ढाक मारताना मल्ल आपली कंबर समोरच्याच्या गुरुत्वमध्याच्या खाली नेतो, मग शंभर किलोचं धूडही त्या टेकूवरून फिरतं. इथे ताकदीपेक्षा जागा महत्त्वाची.

पण माझ्या मते कुस्तीची खरी कमाई डावांत नाही, ती रोजच्या झोंबाझोंबीत आहे. डोळ्यांनी पाहून हालचाल करायला आपल्याला साधारण पाव सेकंद लागतो. अंगाला स्पर्श झाला तर हाच प्रतिसाद थोडा लवकर येतो. अंगाला अंग भिडलेलं असताना मुरलेला मल्ल पाहत बसत नाही. समोरच्याचं वजन कोणत्या पायावर गेलं, तो ओढणार की ढकलणार, हे त्याला खांद्यातून, मनगटातून कळतं. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही आणि एका दिवसाच्या स्वसंरक्षण शिबिरातून तर नाहीच. अशा शिबिरात मनगट धरणारा जोडीदार आपण झटका दिला की सोडून देतो, खरा हल्लेखोर सोडत नाही. शिवाय भीतीने अ‍ॅड्रेनलिन उसळलं की हात थरथरतात, बोटांची नाजूक कामं जमेनाशी होतात. टिकतात त्या मोठ्या स्नायूंच्या, हजार वेळा घोटलेल्या हालचाली: खेचणं, ढकलणं, वाकणं, अंग सोडवून घेणं. तालमीत हेच रोज, सोडायला तयार नसलेल्या माणसाबरोबर होतं.

जपानचे जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदोची कोदोकान ही संस्था काढली, तेव्हा त्यांनी हेच सूत्र धरलं होतं. जीवघेणे डाव बाजूला काढले आणि उरलेले पूर्ण ताकदीने खेळायला लावले. जो डाव पूर्ण जोराने कधी खेळताच येत नाही, तो ऐनवेळी कितपत लागेल, ही शंका रास्तच आहे.

आता सवयी. डिसेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत ‘यूएफसी’ची, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांच्या खेळाडूंना एकमेकांशी लढवणाऱ्या मालिकेची, चौथी स्पर्धा झाली. तेव्हा तिथे नियम अगदी मोजके होते. अंतिम लढतीत डॅन सेव्हर्न या धिप्पाड अमेरिकी मल्लाने ब्राझीलच्या रॉयस ग्रेसीला सहज खाली घेतलं. कुस्ती असती तर निकाल तिथेच लागला असता. पण पाठीवर पडलेला ग्रेसी शांत होता. पंधरा मिनिटं सेव्हर्न वर होता, पण लढत काही संपवू शकला नाही. शेवटी ग्रेसीने खालूनच त्याची मान आणि एक हात आपल्या पायांच्या कैचीत अडकवला आणि हार कबूल करायला लावली. मल्लांनी यातून धडा घेतला. १९९६ मध्ये मार्क कोलमन या मल्लाने खाली पाडून वरून ठोसे मारत लागोपाठ दोन स्पर्धा जिंकल्या. लढत उभ्याने होणार की जमिनीवर, हे ठरवण्याची ताकद मल्लाकडे असते, हे तेव्हापासून सगळ्यांनी मान्य केलं.

मात्र तिथेही खाली गादी होती, पंच होता, समोर एकच माणूस होता आणि त्याच्या खिशात चाकू नव्हता.

जमिनीचा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो. काठीसारखा ताठ माणूस मुळापासून कलंडला, तर त्याचं डोकं तेवढ्याच उंचीवरून सोडलेल्या दगडापेक्षाही जास्त वेगाने आदळतं. ऐकायला विचित्र वाटेल, पण गणित साधं आहे: कलंडणाऱ्या काठीचं टोक मधल्या भागाकडून वेग उसना घेतं. पावणेदोन मीटरच्या माणसासाठी हा वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास येतो. ताक, तेल, हळद घालून खणलेली तालमीतली माती तीन-चार सेंटिमीटर दबते आणि तेवढ्या अंतरात हा वेग जिरतो. काँक्रीट दबतच नाही. थांबायचं अंतर दहापट कमी झालं की धक्का दहापट वाढतो. हौद्यात, म्हणजे तालमीच्या मातीत, टाळ्या मिळवणारी ढाक फुटपाथवर माणूस मारू शकते. पट काढताना गुडघा टेकवायची सवय असेल, तर डांबरावर पहिला गुडघा आपलाच फुटेल.

कायदाही इथे आडवा येतो. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करण्याची मुभा देत नाहीत. पाकीट हिसकावणाऱ्याची कवटी फोडली तर हिशेब आपल्यालाही द्यावा लागतो.

चाकू असेल तर कवेत घेणं म्हणजे पात्याजवळ जाणं. माणसं दोन-तीन असतील, तर एकाला खाली दाबून बसणाऱ्याचं डोकं बाकीच्यांच्या लाथेच्या उंचीवर येतं. मनगटाची पकड सोडवणं, मिठीतून निसटणं, ढकललं तरी न पडणं, पडलोच तर झटकन उठणं आणि पळणं, एवढं कुस्ती उत्तम देते. दमही देते. जोर-बैठका आणि लढतींनी कमावलेली छाती पळतानाही उपयोगी पडते.

एका गोष्टीत मात्र ज्युदो कुस्तीच्या पुढे आहे, ती म्हणजे पडण्याची रीत. ज्युदोत नवख्याला फेकायच्या आधी पडायला शिकवतात: हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, हात जमिनीवर आपटून धक्का वाटून घ्यायचा. तालमीतला पोरगा पडायला शिकतो तो रोज आपटी खाऊनच, आणि तेही पाठ चुकवण्यासाठी हवेत वळून पोटावर यायचं म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, आणि त्यात साठीच्या पुढच्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं. तेव्हा मुलांना तालमीत घालणाऱ्या आईबापांनी वस्तादांना विनंती करून आठवड्यातले दोन दिवस ही रीतही घोटून घ्यायला हरकत नाही. माती तीच, जास्तीची दहा मिनिटं लागतील.