टेडी वेदरफर्ड : शिकागोतला पियानो मुंबईत आला त्याची गोष्ट

गोव्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, त्याला लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग (अमेरिकन जाझचा महान ट्रंपेटवादक) म्हणायचे हे जुन्या गाण्यांच्या शौकिनांना माहीत असतं. पण खुद्द आर्मस्ट्राँगसोबत एकाच बँडमध्ये वाजवलेला एक पियानिस्ट १९३० च्या दशकात मुंबईत ताजमहाल हॉटेलात वाजवत होता, त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही आणि अमेरिकेतही जाझचे अगदी कट्टर लोक सोडले तर कुणी घेत नाही. त्याचं नाव टेडी वेदरफर्ड. मला हा माणूस फार महत्त्वाचा वाटतो म्हणून थोडं मागून सांगतो.

जन्म १९०३ चा, व्हर्जिनियातला. योगायोग बघा, ताज सुरू झालं तेही त्याच वर्षी. पोरवयात काही वर्षं न्यू ऑर्लिन्सला काढली, जाझ पियानो तिथेच हातात बसला, मग शिकागो. तिथल्या साउथ साइडला व्हेंडोम नावाचं थिएटर होतं, मूकपटांचा जमाना, पडद्यासमोर अर्स्किन टेटचा ऑर्केस्ट्रा वाजायचा आणि लोक पिक्चरइतकेच त्या ऑर्केस्ट्रासाठी यायचे. ट्रंपेटवर आर्मस्ट्राँग, पियानोवर टेडी. मे १९२६ मध्ये या ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्डिंगमधून दोन गाणी निघाली ती आज ऐकायला मिळतात. त्यातला टेडीचा पियानो नीट ऐका, डावा हात खाली जाऊन एक जाड बास मारतो, लगेच वर उडी मारून मधली कॉर्ड (एकत्र दाबलेले काही सूर), परत खाली, परत वर, याला स्ट्राइड म्हणतात, आणि हे चालू असताना उजवा हात आपल्याच धुंदीत असतो. इतक्या वेगात हे करायचं म्हणजे हातात किती ताकद आणि अंदाज लागत असेल!

त्या वेळी शिकागोत पियानिस्ट अर्ल हाइन्सच्या तोडीचा म्हणून टेडीचंच नाव घेतलं जायचं. पण हाइन्स तिथेच राहिला, १९२८ मध्ये आर्मस्ट्राँगबरोबर रेकॉर्ड्स केल्या आणि इतिहासात गेला. टेडी १९२६ मध्येच ड्रमर जॅक कार्टरच्या बँडबरोबर शांघायला निघून गेला. म्हणजे जाझच्या रेकॉर्डिंगचे खरे दिवस सुरू होत होते नेमका तेव्हाच हा माणूस बोटीवर होता. माझ्या मते त्याच्या विस्मरणाचं मुख्य कारण हेच, वाजवण्यात तो कुठेच कमी नव्हता.

शांघायमध्ये मात्र तो राजा होता. कवी लँग्स्टन ह्यूज १९३३ मध्ये तिथे गेला तेव्हा टेडीला भेटला आणि पुढे त्याची लोकप्रियता त्याने लिहून ठेवली. एका रात्रीत तीन-चार क्लब करायचा आणि प्रत्येकाकडून वेगळा पगार घ्यायचा असं सांगतात. १९३४ ला अमेरिकेत जाऊन ट्रंपेटर बक क्लेटनचा अख्खा बँड त्याने शांघायच्या कॅनिड्रोम बॉलरूमसाठी आणला, हाच क्लेटन पुढे काउंट बेसीच्या प्रसिद्ध अमेरिकन जाझ बँडमध्ये गाजला.

आता मुंबई. ताजमध्ये १९३५ च्या हंगामात लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड आला, त्याच्या मागोमाग ट्रंपेटर क्रिकेट स्मिथ आणि टेडी. मध्येच १९३७ ला टेडी पॅरिसला जाऊन पियानो सोलोच्या रेकॉर्ड्स करून आला. या मंडळींना साथीला वादक लागायचे आणि ते मिळाले गोवेकरांमध्ये. गोव्यात चर्चच्या शाळेतच पोरांना सोल्फेज (कागदावरचे सूर वाचून गायची पद्धत) आणि व्हायोलिन शिकवायचे, त्यामुळे समोर कागद ठेवला की गोवेकर तो धडाधड वाचणार. पण स्विंग, म्हणजे जाझच्या लयीतला तो झोका, कागदावर लिहिता येत नाही, सूर किंचित मागे ओढायचा, एखादा गिळायचा, हे शेजारी बसून कानानेच उचलावं लागतं. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड असाच टेडीच्या बँडमध्ये तयार झाला, तोच पुढे हिंदी सिनेसंगीतात आला आणि ‘आमचें नशीब’ हा कोंकणी सिनेमाही त्याचाच. हळदोण्याचा चिक चॉकलेट याच हवेतला. तो आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचा, म्हणजे सी. रामचंद्रांचा असिस्टंट झाला आणि १९५१ च्या ‘अलबेला’त ते ब्रास (ट्रंपेटसारखी पितळी वाद्यं) जे काही वाजलंय ते आठवा, भगवानदादांची पावलं त्यावर पडली आणि अख्खा महाराष्ट्र नाचला. हे सगळं टेडीमुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण गोवेकर वादकांना हे संगीत ज्यांच्याकडून थेट ऐकायला-शिकायला मिळालं त्या मोजक्या माणसांत तो होता.

युद्धाच्या काळात तो कलकत्त्याला, ग्रँड हॉटेलात. शहरात अमेरिकन सैनिक भरलेले, त्यामुळे जाझला मागणी प्रचंड. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतल्यावर तिथून पळून आलेले क्लॅरिनेटवाला रूबेन सॉलोमन, गिटारवाला सेड्रिक वेस्ट असे वादक त्याला मिळाले आणि कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी बऱ्याच रेकॉर्ड्स झाल्या. २५ एप्रिल १९४५ ला कलकत्त्यातच कॉलऱ्याने तो गेला, वय फक्त ४१. युरोपातलं युद्ध संपायला दोन आठवडेही उरले नव्हते.

कुणाला ऐकायचं असेल तर आधी १९२६ ची शिकागोची रेकॉर्ड लावा, मग पॅरिसचे सोलो आणि शेवटी कलकत्त्याच्या रेकॉर्ड्स, या क्रमाने गेलात तर त्याचा हात कसा बदलत गेला ते आपोआप कळेल.