दुपारच्या डब्यात वरण का नाही?

पार्किन्सन्सच्या रुग्णासाठी आमचा डबा सुरू केला की पहिल्या आठवड्यात एक फोन हमखास येतो: "अहो, नुसता भात, भाकरी, भाजी? वरण विसरलात वाटतं!" विसरलो नाही. ते रात्रीच्या डब्यात येतं, आणि घट्ट येतं. यामागचं कारण इथे लिहून देतोय, म्हणजे घरातल्या सगळ्यांना वाचता येईल.

पार्किन्सन्सवर, म्हणजे कंपवातावर, बहुतेकांना लेव्होडोपाची गोळी असते. हे औषध मुळात एक अमिनो आम्ल आहे. आपण डाळ, दूध, दाणे खातो तेव्हा त्यातल्या प्रथिनांचीही पोटात अमिनो आम्लंच होतात. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरायचं दार दोघांचं एकच. जेवणावळीची गर्दी दारात उभी असेल तर गोळी मागे राहते. मग आजोबा म्हणतात, "आज गोळी लागलीच नाही." पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, शर्टाचं बटण लागत नाही. गोळी तीच, वेळही तीच. फक्त तासाभरापूर्वी मटकीची उसळ झालेली असते.

आमच्याकडूनही हे झालंय. सुरुवातीला "पौष्टिक हवं" म्हणून आम्ही दुपारीच उसळ द्यायचो. एका घरच्या सूनबाईंनी महिनाभर वहीत जेवण आणि गोळीच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. ती वही पाहिली आणि आम्ही दुपारचा डबा बदलला.

आता दुपारी साधारण 10 ग्रॅमच्या आसपासच प्रथिनं असतात: मोठी वाटीभर भात, एक भाकरी, दुधी, पडवळ किंवा भोपळ्याची भाजी, ओलं खोबरं आणि लिंबू घातलेली काकडीची कोशिंबीर. दाण्याचं कूट नाही. मराठी स्वयंपाकघरात कूट कशात पडत नाही ते सांगा! साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच, पण खिचडीत मूठभर दाणे पडले की 7-8 ग्रॅम आलेच. दुधाचा मोठा पेलाही तेवढाच भरतो, म्हणून गोळी दुधाबरोबर घेऊ नका, साध्या पाण्याबरोबर घ्या.

मात्र प्रथिनं कमी करायची नाहीत, फक्त संध्याकाळकडे सरकवायची. हे अनेकांच्या लक्षात येत नाही. 60 किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ते 60 ग्रॅम प्रथिनं लागतात. ती तोडली तर वजन उतरतं, मांड्या बारीक होतात आणि पडायची भीती वाढते. म्हणून रात्री घट्ट वरण, उसळ, टोफूची भाजी आणि दोन पोळ्या देतो. झोपताना सोया दूध घरी घ्यावं. आमचा डबा पूर्ण वनस्पतिजन्य आहे, त्यामुळे बी-12 तपासून घ्या आणि डॉक्टर सांगतील तशी गोळी घ्या.

हा डबा सगळ्यांसाठी नाही, हेही आम्हीच सांगतो. आजार नवा असेल, गोळी दिवसभर नीट लागत असेल, तर नेहमीचं जेवण चालू द्या. गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घेतली तरी बहुतेकांचं भागतं. उपाशीपोटी मळमळत असेल तर सोबत केळं किंवा थोडे कुरमुरे चालतात. ज्यांना रात्रीच जास्त ताठरपणा येतो, कूस वळवता येत नाही, त्यांना रात्रीची भरपूर प्रथिनं त्रास देऊ शकतात. उलट, दुपारची प्रथिनं कमी झाल्यावर तीच गोळी जास्त लागून हात-पाय आपोआप हलू लागले, तर न्यूरॉलॉजिस्टना लगेच कळवा. डोस तेच बदलतील. जेवणाने आजार बरा होत नाही, थांबतही नाही.

लोहाची गोळी असेल तर ती आणि लेव्होडोपा यांत किमान दोन तास जाऊ द्या. खाजकुहिलीच्या बियांची पावडर कुणी "नैसर्गिक आहे" म्हणून आणून देईल. तिच्यात खरोखरच लेव्होडोपा असतं, म्हणूनच ती डॉक्टरांना न विचारता घेऊ नये.

बद्धकोष्ठता तर या आजाराची जुनी सोबतीण. भाज्या आम्ही सालासकट शिजवतो, पपई देतो. पाणी पाजायचं काम तुमचं. गिळायला त्रास असेल तर आधी सांगा. कंप असलेल्या हातातली पातळ आमटी तोंडापर्यंत पोचेतो अर्धी सदऱ्यावर सांडते, आणि गिळताना ठसका लागतो तो बहुधा पातळ पदार्थाचाच. आम्ही भात मऊ करून वरण दाटसर करतो, तेही जड बुडाच्या वाटीत.

नवा डबा सुरू करताना गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून डबा आणणाऱ्या मुलाकडे द्या. दुपारची गोळी 12 ला असेल तर डबा साडेबाराला दारात असेल, जेवण 1 वाजता. डोस किंवा वेळ बदलली तर त्याच दिवशी फोन करा.