अर्धी उरलेली बाटली

७५० मिलिलिटरची वाइनची बाटली अर्धी संपवून बूच परत लावलं, की आत ३७५ मिलिलिटर हवा कोंडली जाते. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, म्हणजे वजनात साधारण १०० मिलिग्रॅम. न उघडलेल्या बाटलीत चांगल्या बुचातून वर्षभरात जेमतेम काही मिलिग्रॅम ऑक्सिजन झिरपतो. थोडक्यात, त्या वाइनला कित्येक वर्षांत मिळाला असता तेवढा ऑक्सिजन आपण एका संध्याकाळी देऊन टाकतो. अधूनमधून वाइन पिणाऱ्याने प्रदेश आणि द्राक्षांच्या जाती पाठ करण्याआधी हा हिशेब समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण बऱ्याच बाटल्यांची चव घरी येऊनच बिघडते.

लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात वाइन का नासते याचा अभ्यास केला, तेव्हा ऑक्सिजनची दुहेरी भूमिका त्यांच्या लक्षात आली होती. अगदी थोडा आणि सावकाश मिळाला तर तो वाइनला मुरवतो, भरपूर मिळाला तर तिची चव घालवतो. हे घडतं मात्र आडवळणाने. ऑक्सिजन अल्कोहोलवर थेट हल्ला करत नाही. वाइनमध्ये लोह आणि तांब्याचे सूक्ष्म अंश असतात. त्यांच्या मदतीने तो आधी द्राक्षाच्या साली-बियांतून आलेल्या फेनॉल संयुगांना गाठतो. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि ते अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड बनवतं. मार लागलेल्या, तपकिरी पडलेल्या सफरचंदासारखा वास येऊ लागला, तर तो बहुधा याचाच. तोवर ताज्या फळांचे सुगंधही विरत गेलेले असतात. उत्पादक जो सल्फर डायऑक्साइड घालतात, तो या पेरॉक्साइडला वाटेतच अडवतो. पण तो संपला की संपला.

नाकात जाणारा व्हिनेगरचा वास सहसा नंतर येतो. ॲसिटिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंना हवा लागते, ते पृष्ठभागावर वाढतात आणि त्याला वेळ लागतो. म्हणजे आंबली म्हणून वाइन ओतून देण्याच्या बरीच आधी ती फिकी पडलेली असते.

उपाय साधा आहे: हवा कमी करायची आणि गारवा द्यायचा. अर्धीच प्यायची हे आधीच ठरलं असेल, तर बाटली उघडल्याबरोबर निम्मी वाइन ३७५ मिलिलिटरच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, घट्ट झाकण लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. रेड वाइनसुद्धा. थंड द्रवात ऑक्सिजन उलट जास्त विरघळतो हे खरं, पण अभिक्रिया इतक्या मंदावतात की एकूण फायदाच होतो. एवढं केलं नाही आणि तीच बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली, तरी तीन-चार दिवस सहसा निभावतात. फसफसणाऱ्या वाइनच्या बाटलीत तोंडाशी चमचा अडकवून ठेवण्याचा सल्ला अजून ऐकू येतो. त्याचा उपयोग नाही. बुडबुडे टिकतात ते गारव्यामुळे, कारण थंड द्रव कार्बन डायऑक्साइड अधिक धरून ठेवतो. दाब सोसणारं झाकण असेल तर आणखी उत्तम.

न उघडलेल्या बाटलीचे शत्रू उष्णता आणि प्रकाश. साठवणीला १२ ते १४ अंश सेल्सिअस आदर्श मानतात. तेवढं जमलं नाही तरी तापमानाची सततची चढउतार टाळावी; वाइन प्रसरण पावते, आकुंचन पावते, बूच ढिलं होतं. शेगडीजवळचं कपाट म्हणून सर्वांत वाईट. प्रकाशाचं नुकसान अधिक झटपट होतं. वाइनमध्ये असलेलं रायबोफ्लेविन निळा आणि अतिनील प्रकाश शोषतं, त्यातून गंधकाची संयुगं बनतात आणि शिजलेल्या कोबीसारखा वास येतो. पारदर्शक काचेतल्या व्हाइट आणि रोझे वाइनला हा धोका जास्त. दुकानात दिव्याखाली किंवा खिडकीत मांडलेली बाटली मी घेत नाही.

निवडताना लेबलावरचे दोन आकडे कामाचे असतात, वर्ष आणि अल्कोहोलचं प्रमाण. बहुतेक वाइन काही वर्षांत पिण्यासाठीच बनवलेली असते, त्यामुळे हलक्या व्हाइटच्या बाबतीत ताजं वर्ष बघावं. १४ टक्क्यांच्या वर अल्कोहोल असेल तर द्राक्षं चांगली पिकलेली होती आणि वाइन बहुधा भारदस्त असेल. फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, हा समज सोडून द्यावा. बुचातून येऊ शकणारं टीसीए हे संयुग लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास देतं. फिरकीच्या झाकणात ती भीती जवळजवळ नाही.

किमतीबद्दल सावध राहा. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीच वाइन एकदा १० आणि एकदा ९० डॉलरची म्हणून पाजली. महाग सांगितली तेव्हा ती लोकांना जास्त आवडली आणि मेंदूतल्या सुखाशी जोडलेल्या भागाची हालचालही वाढलेली दिसली. म्हणजे ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरोखरच आनंद मिळत होता.

पिताना तापमान पुन्हा आडवं येतं. रेड वाइन १४ ते १८ अंशांना खुलते. त्याहून बरीच गरम झाली की अल्कोहोलची वाफच आधी नाकात शिरते. फार थंड केली तर सुगंध दबतात आणि तुरटपणा पुढे येतो. हा तुरटपणा टॅनिनचा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, वंगण जातं आणि जीभ कोरडी, खरखरीत वाटते. सोबत चीजसारखं प्रथिनं आणि चरबी असलेलं काही खाल्लं तर ती धार बोथट होते.

सुगंधांची वर्णनं वाचून दबून जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. शिराझ या द्राक्षाच्या रेड वाइनमधला मिरीचा वास रोटुंडोन या संयुगामुळे येतो. काळ्या मिरीतही तेच असतं. २००८ मध्ये संशोधकांनी हे दाखवलं, तेव्हा चाचणीतल्या सुमारे २० टक्के लोकांना रोटुंडोनचं प्रमाण खूप वाढवूनही त्याचा वास आला नाही. त्याच ग्लासातून शेजाऱ्याला मिरी जाणवते आणि तुम्हाला फक्त पिकलेलं फळ, असं होत असेल तर दोघांचंही बरोबर असू शकतं.