दहा दिवसांच्या करारामागची सत्तर वर्षं

२ एप्रिल २०१५ रोजी एनबीए या अमेरिकेतल्या सर्वोच्च बास्केटबॉल लीगमधल्या सॅक्रमेंटो किंग्ज संघाने सिम भुल्लरशी दहा दिवसांचा करार केला. भुल्लर टोरोंटोत जन्मलेला, आईवडील मूळचे पंजाबातले, उंची सात फूट पाच इंच, वजन दीडशे किलोच्या वर. ७ एप्रिलला मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात १६ सेकंदं उरली असताना कोच जॉर्ज कार्ल यांनी त्याला कोर्टवर पाठवलं, आणि एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू अशी त्याची नोंद झाली. बातमी म्हणून एवढं पुरेसं आहे. पण त्याआधीचा जवळजवळ अख्खा हंगाम त्याने नेवाडातल्या रेनो शहरात, दुय्यम लीगमध्ये काढला होता. कॉलेज गाजवलेला पोरगा तिथे का पोचतो, हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

अमेरिकेत बेसबॉलने आपली रोपं स्वतःच वाढवली. १९२०च्या दशकात ब्रँच रिकी यांनी सेंट लुइस कार्डिनल्ससाठी छोट्या गावांतले संघ हाताशी धरून खेळाडू घडवायची साखळीच उभी केली. बास्केटबॉलला ती तोशीस कधी पडली नाही. कॉलेजं होतीच. हॉल त्यांचे, कोच त्यांचे, प्रेक्षक त्यांचे. खेळाडूला फी माफ आणि राहणं-जेवण फुकट, पगार मात्र नव्हता. एनबीएने फक्त तयार माल उचलायचा. शाळा संपून चार वर्षं झाल्याशिवाय कुणाला घ्यायचं नाही, असा नियमही एनबीएने करून ठेवला होता. १९७१ साली स्पेन्सर हेवूडच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला, तेव्हा कुठे त्या नियमाला तडा गेला.

या व्यवस्थेत एक मोठी फट होती. पहिल्या श्रेणीची कॉलेजं साडेतीनशेच्या आसपास, प्रत्येकाकडे डझनभर खेळाडू. ड्राफ्ट, म्हणजे एनबीएच्या संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम, मात्र १९८९पासून दोनच फेऱ्यांचा. त्यात जेमतेम साठ नावं पुकारली जातात, आणि त्यांतही परदेशातली पोरं असतात. उरलेल्यांनी जायचं कुठे?

या प्रश्नाचं उत्तर एनबीएच्याही आधी तयार होतं. २३ एप्रिल १९४६ रोजी पेन्सिल्वेनियात ईस्टर्न लीग सुरू झाली. एनबीएची पूर्वज असलेली लीग स्थापन झाली ती त्यानंतर सहा आठवड्यांनी. विल्क्स-बॅरी, हेझलटन, ॲलनटाउन, रेडिंग अशी कोळशाच्या खाणींची आणि कारखान्यांची गावं. खेळाडू आठवडाभर नोकरी करायचे आणि शनिवार-रविवारी गाडीत कोंबून बसून सामन्याला जायचे. आपल्याकडे टाइम्स शील्डमध्ये कंपन्यांचे संघ खेळतात ते वाचकांना ठाऊक असेल. तिथे खेळामुळे नोकरी लागते. ईस्टर्न लीगमध्ये नोकरी वेगळी, खेळ वेगळा, आणि दोन्ही मिळून पोट भरायचं.

ही लीग कुणाच्या मालकीची शाखा नव्हती, म्हणून तिच्यात बरंच काही खपून गेलं. एनबीएत कृष्णवर्णीय खेळाडू किती असावेत याची अलिखित मर्यादा होती, त्या काळात, १९५५-५६च्या हंगामात, हेझलटनने पाचही कृष्णवर्णीय खेळाडू सुरुवातीपासून उतरवले. त्या पाचांपैकी शर्मन व्हाइट आणि फ्लॉइड लेन हे न्यूयॉर्कमधल्या कॉलेजांचे एके काळचे गाजलेले खेळाडू. १९५१च्या सामने-फिरवण्याच्या प्रकरणात अडकल्यामुळे एनबीएचं दार त्यांना कायमचं बंद झालं होतं. मॅडिसन स्क्वेअर गार्डन गाजवलेले हे हात आता खाणकामगारांच्या गावात शनिवारची रात्र रंगवत होते.

१९७८ साली लीगने काँटिनेंटल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे सीबीए, असं नाव घेतलं आणि ती अलास्का, मोंटाना अशी लांबलांब पसरली. गुणपद्धतही चमत्कारिक: सामना जिंकला की तीन गुण, शिवाय सामन्याच्या चार भागांपैकी, म्हणजे क्वार्टरपैकी, जिंकलेल्या प्रत्येकाचा एक, असे एका रात्रीचे जास्तीत जास्त सात. हरत आलेला संघही शेवटच्या क्वार्टरसाठी जीव तोडून खेळायचा. मला ही कल्पना आजही पटते.

दहा दिवसांच्या कराराची खरी दहशत याच काळातली. एनबीएत कुणी जायबंदी झालं की फोन यायचा, आणि सीबीएच्या संघाचा सगळ्यात चांगला माणूस भर हंगामात बॅग भरून निघून जायचा. ओक्लाहोमा स्टेटचा जॉन स्टार्क्स १९८८च्या ड्राफ्टमध्ये कुणालाच नको होता. आयोवातल्या सीडर रॅपिड्सच्या संघातून खेळून तो पुढे न्यूयॉर्क निक्सचा आवडता झाला. कोचही याच शाळेत शिकले. पुढे एनबीएत गाजलेले कोच फिल जॅक्सन यांनी सीबीएतल्या ऑल्बनी पॅट्रून्सला १९८४चं विजेतेपद मिळवून दिलं. त्याच ऑल्बनीला १९९०-९१च्या साखळीत ५६ पैकी ५० सामने जिंकून देणारे, घरच्या कोर्टवर एकही न हरलेले कोच होते जॉर्ज कार्ल. भुल्लरला १६ सेकंदं देणारे तेच कार्ल.

सीबीएचा शेवट वाईट झाला. १९९९ साली एनबीएचे निवृत्त खेळाडू आयझेया थॉमस यांनी सगळी लीग एकगठ्ठा विकत घेतली. पुढच्या वर्षी ते एनबीएतल्या इंडियाना संघाचे कोच झाले, आणि एनबीएचा कोच दुसऱ्या लीगचा मालक राहू शकत नव्हता. लीग ना विकली गेली, ना चालली. फेब्रुवारी २००१मध्ये हंगाम अर्ध्यावर टाकून बंद पडली. त्याच नोव्हेंबरात एनबीएने स्वतःची दुय्यम लीग काढली. सुरुवातीला आठ संघ, सगळे आग्नेय अमेरिकेतल्या मध्यम शहरांत. २००५मध्ये तिचं नाव डी-लीग झालं आणि एनबीएचे संघ आपले नवखे खेळाडू तिथे धाडू लागले. २०१०-११मध्ये गोल्डन स्टेटने हार्वर्डच्या जेरेमी लिनला असंच तीनदा रेनोला पाठवलं होतं. तोवर लॉस एंजेलिस लेकर्ससारख्या एनबीए संघांनी थेट स्वतःच्या मालकीचा संघ काढायला सुरुवातही केली होती. जी गल्ली कुणाचीच नव्हती ती आता वरच्या मजल्याचा जिना झाली. वाट जवळची झाली हे खरं. भाडं मात्र खालच्या मजल्याचंच राहिलं.

भुल्लर लास क्रूसेसच्या न्यू मेक्सिको स्टेटकडून दोन हंगाम खेळला. दोन्ही वर्षी तो आपल्या गटाच्या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि दोन्ही वर्षी त्याचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाहेर पडला. कॉलेज अर्धवट सोडून २०१४च्या ड्राफ्टला उभा राहिला. साठात नाव आलं नाही. किंग्जनी ऑगस्टमध्ये करार केला, ऑक्टोबरमध्ये सोडून दिलं, आणि तो त्यांच्या दुय्यम संघाकडे, रेनो बिगहॉर्न्सकडे, गेला.

तिथे त्याला जे मिळालं ते पाहून हसू येतं. किंग्जनी रेनोत प्रयोगासाठी डेव्हिड आर्सेनो ज्युनियर यांना कोच नेमलं होतं. आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजमध्ये त्यांच्या वडिलांनी बसवलेली पद्धत अशी: मिनिटा-दोन मिनिटांनी पाचच्या पाच खेळाडू बदलायचे, सतत पळायचं, दिसेल तिथून तीन गुणांचा फटका मारायचा. याच पद्धतीत ग्रिनेलच्या जॅक टेलरने २०१२मध्ये एका सामन्यात १३८ गुण केले होते. रेनोचा संघ त्या हंगामात सामन्याला सरासरी १४०च्या आसपास गुण करत होता, आणि या धावपळीच्या मधोमध सात फूट पाच इंचांचा भुल्लर. तरीही त्याने जागा काढली. फेब्रुवारीत एका सामन्यात २६ गुण, १७ रिबाउंड (हुकलेल्या फटक्याचा चेंडू पकडणं) आणि ११ ब्लॉक (समोरच्याचा फटका हवेतच अडवणं). अकरा ब्लॉक!

आता पैशांचं. त्या हंगामात डी-लीगच्या सगळ्यात वरच्या श्रेणीच्या खेळाडूला पूर्ण हंगामाचे २५,५०० डॉलर मिळायचे. खालच्या श्रेणीला १३,०००. राहायची सोय संघाची, प्रवास बहुतेक बसचा किंवा साध्या विमानाचा. एनबीएत पहिल्या वर्षीचा किमान पगार होता ५,०७,३३६ डॉलर, १७० दिवसांवर वाटलेला. म्हणजे दहा दिवसांचे साधारण २९,८०० डॉलर. अख्खा हंगाम खाली राबून जेवढं हाती येतं, त्याहून जास्त वर दहा दिवस बाकावर बसून.

किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, आणि भारताच्या बाजारपेठेबद्दल ते कायम उघडपणे बोलत आले आहेत. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना यांचे दोन सामने झाले, त्यामागेही त्यांची धडपड होती. तेव्हा भुल्लरच्या करारात हा हिशेब नसेल असं मानणं भाबडेपणाचं होईल. पण रेनोतला हंगाम त्याने स्वतः खेळून काढला होता. तो काही कुणी त्याच्या नावावर लिहिला नव्हता. एनबीएत त्याच्या खात्यावर तीन सामने आणि दोन गुण आहेत. पुढे टोरोंटोच्या दुय्यम संघात एक हंगाम, आणि मग त्याने तैवानमध्ये बरीच वर्षं खेळून नाव कमावलं.

त्यानंतर जिन्याची रचना पुन्हा बदलली. २०१७पासून दुहेरी करार आले: खेळाडू वर आणि खाली दोन्हीकडचा, पगारही बऱ्यापैकी. लीगला शीतपेयाच्या ब्रँडवरून जी-लीग हे नाव मिळालं. २०२१मध्ये कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घ्यायची मुभा मिळाली, आणि २०२५पासून कॉलेजं थेट पैसे देऊ लागली. शाळेतून थेट व्यावसायिक व्हायला निघालेल्या पोरांसाठी एनबीएने काढलेला इग्नाइट हा संघ त्याआधीच, २०२४मध्ये, गुंडाळावा लागला. कॉलेजातच जास्त पैसे मिळत असतील तर तिकडे जाणार कोण?

रेनोहून सॅक्रमेंटोला जायचं तर सिएरा नेवाडाची डोनर खिंड ओलांडावी लागते, सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर, आणि हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंद पडतो. २०१८मध्ये किंग्जनी तो संघ कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनला हलवला. तिथून सॅक्रमेंटो तासाभरावर, आणि वाटेत डोंगर नाही.