आफ्रिकेच्या पोटातलं पाणी

आफ्रिका खंडाच्या जमिनीखाली सुमारे 6 लाख 60 हजार घन किलोमीटर पाणी आहे. तिथल्या सगळ्या तळ्यांमध्ये मिळून जेवढं गोडं पाणी आहे, त्याच्या वीसेक पट. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांच्या मदतीने केलेला हा अंदाज 2012 साली नकाशासकट प्रसिद्ध झाला, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. आता खंडाची तहान भागणार, असंही अनेकांना वाटलं.

हा आकडा आला कसा, ते पाहण्यासारखं आहे. देशोदेशीचे भूशास्त्रीय नकाशे आणि ठिकठिकाणचे जुने अभ्यास गोळा करून प्रत्येक भागासाठी दोन गोष्टी ठरवल्या गेल्या: पाण्याने भरलेला खडकाचा थर किती जाड आहे आणि त्या खडकात पोकळी किती आहे. क्षेत्रफळाला या दोन्हींनी गुणलं की साठा मिळतो. पण पोकळीचा अंदाज थोडा इकडेतिकडे झाला तरी उत्तर पार बदलतं. म्हणूनच शास्त्रज्ञांनी 3 लाख 60 हजार ते 17 लाख 50 हजार अशी मोठी मर्यादाही दिली होती. बातम्यांमध्ये मात्र मधला आकडाच तेवढा गाजला.

शिवाय हे पाणी सगळीकडे सारखं नाही. सर्वांत मोठे साठे लिबिया, अल्जीरिया, इजिप्त आणि सुदान या देशांच्या वाळवंटी भागांत, जाड वालुकाश्मात आहेत. सहारा हिरवा होता तेव्हाचं, हजारो वर्षांपूर्वीचं हे पाणी. आज ते उपसलं की भरून येत नाही. उलट, खंडाच्या फार मोठ्या भागात खाली जुना कठीण खडक आहे. तिथे पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांमध्ये. अशा जागी अनेकदा सेकंदाला लिटरभरसुद्धा पाणी मिळत नाही. पण हातपंपाला त्याच्या चौथाई पाणीही पुरतं, आणि गावाच्या दृष्टीने तेच मोलाचं.

साठा कळला, तरी तो घटतोय की वाढतोय हे नकाशा सांगत नाही. ते काम 2002 पासून ग्रेस नावाच्या जुळ्या उपग्रहांनी केलं आणि 2018 मध्ये त्यांच्या वारसदारांनी पुढे चालवलं. एकामागून एक, सुमारे 220 किलोमीटर अंतर राखून फिरणारे हे उपग्रह. खाली पाण्याचं वजन वाढलं की गुरुत्वाकर्षण किंचित वाढतं आणि दोघांमधलं अंतर केसाहूनही सूक्ष्म प्रमाणात बदलतं. त्यातून जमिनीतला ओलावा, नद्या, तळी वजा केली की भूजलातला बदल हाती येतो. विलक्षण कल्पना आहे ही! पण ती शेकडो किलोमीटरचा पट्टा एकत्र पाहते. एका गावाची विहीर तिला दिसत नाही.

विहिरीसाठी अजूनही फीतच लागते. पंप थांबवायचा, पाणी स्थिरावेपर्यंत वाट पाहायची आणि मग टोकाला विजेचा संवेदक असलेली फीत हळूहळू खाली सोडायची. टोक पाण्याला टेकलं की बीप वाजतो. खूण वाचायची, वहीत लिहायची. पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच विहिरीवर, त्याच कठड्यापासून मोजायचं. या कंटाळवाण्या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

टांझानियात, डोडोमाजवळच्या माकुटापोरा इथे 1950 च्या दशकापासून अशा नोंदी ठेवल्या गेल्या. पन्नासहून अधिक वर्षांचा तो आलेख समोर ठेवला, तर पाणीपातळी वर्षानुवर्षं खालीच जाताना दिसते. मग एखाद्या मोसमात मुसळधार पाऊस होतो आणि पातळी एकदम उसळते. 1997-98 च्या एल निनोत, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापतं आणि पूर्व आफ्रिकेत पाऊस वाढतो त्या काळात, अशीच मोठी उसळी आली. म्हणजे दरवर्षी थोडंथोडं मुरून हा साठा भरत नाही. त्याचं पुनर्भरण मोजक्या जोरदार मोसमांवरच अवलंबून आहे. आलेख दहाच वर्षांचा असता, तर त्या विहिरी कायमच्या आटत चालल्यात असंच कुणालाही वाटलं असतं.