बास्केटबॉलमधील निवड आणि दुखापतीचा धोका (नागपूर)

होतकरू खेळाडूची उंची, कौशल्य आणि पुढे वाढण्याची शक्यता एका पारड्यात, तर त्याचे गुडघे, घोटे व पाठ दगा देण्याची शक्यता दुसऱ्या पारड्यात ठेवून त्याच्याविषयी निर्णय घेणे, असे बास्केटबॉल खेळाडूंच्या निवडीचे स्वरूप आहे. अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेत, म्हणजे एनबीएमध्ये, तिची दरवर्षी जाहीर चर्चा होते. नागपुरात हाच निर्णय शाळेच्या, क्लबच्या किंवा जिल्ह्याच्या निवड चाचणीत, बहुतेकदा एकाच संध्याकाळी आणि एकट्या प्रशिक्षकाच्या नजरेवर होतो.

एनबीएच्या इतिहासातली उदाहरणे दोन्ही बाजूंची आहेत. तिथे संघ दरवर्षी नवे खेळाडू ठरलेल्या क्रमाने निवडतात (ड्राफ्ट). १९८४ च्या ड्राफ्टमध्ये पोर्टलँड संघाने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवीला घेतले. पायाच्या हाडाच्या दुखण्याने त्याचे महाविद्यालयातले दोन हंगाम आधीच बुडाले होते. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला पुढे महान ठरलेला मायकेल जॉर्डन मिळाला. याच पोर्टलँडने २००७ मध्ये ग्रेग ओडेनला पहिल्या क्रमांकावर घेतले. गुडघ्यांनी साथ न दिल्याने त्याची एनबीए कारकीर्द १०५ सामन्यांत आटोपली, आणि दुसऱ्या क्रमांकाचा केव्हिन ड्युरंट पुढे २०१४ चा सर्वोत्तम खेळाडू ठरला. याउलट पाठ आणि पाऊल दुखावलेल्या जोएल एम्बीडला फिलाडेल्फियाने २०१४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतले, दोन पूर्ण हंगाम बसवून ठेवले, आणि २०२३ मध्ये तोच सर्वोत्तम खेळाडू झाला. पुढे एनबीएचा मोठा खेळाडू ठरलेल्या स्टीफन करीच्या सतत मुरगळणाऱ्या घोट्यांबद्दलही एकेकाळी अशीच धास्ती होती.

या गोष्टी मैदानावर हौसेने सांगितल्या जातात, पण त्या जशाच्या तशा नागपूरला लागू करणे चुकीचे आहे. एम्बीड थांबू शकला, कारण त्याला पगार होता, शल्यविशारद होते आणि संघाला घाई नव्हती. तिथे धोका संघ विकत घेतो. इथे तो मुलाच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या वाट्याला येतो. शालेय स्पर्धांचे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट कोणासाठी थांबत नाहीत. दहावी-बारावीला खेळाचे जास्तीत जास्त २५ वाढीव गुण मिळतात, पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यामुळे चाचणीच्या दिवशी ‘कुठे दुखतंय का?’ या प्रश्नाला ‘नाही सर’ हेच उत्तर येणार. आधीची दुखापत हा पुढच्या दुखापतीचा सर्वांत भरवशाचा इशारा मानला जातो, आणि नेमकी तीच लपवली जाते. म्हणून हा प्रश्न निवडीच्या दिवशी विचारूच नये. तो एरवी, सराव संपल्यावर, निवांत विचारावा.

निवडीतला सर्वांत मोठा पेच उंचीचा आहे. मुलींची उंची साधारण १२ व्या, तर मुलांची १४ व्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते. हाडे आधी लांबतात. स्नायू आणि त्यांचे बंध मागून येतात. या काळात गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखणे (ऑसगुड-श्लॅटर) किंवा टाच दुखणे सर्रास आढळते. १४ वर्षांखालील संघ निवडताना जो मुलगा एकदम उंच झालेला दिसतो, त्यालाच रिबाऊंडसाठी, म्हणजे हुकून परत येणारा चेंडू उडी मारून पकडण्यासाठी, आधी उचलले जाते आणि त्यालाच सर्वांत जास्त उड्या माराव्या लागतात. म्हणजे ज्या कारणासाठी तो निवडला गेला, त्याच कारणाने त्याचे शरीर त्या वर्षी नाजूक असते. दर तीन महिन्यांनी उभ्याची आणि स्टुलावर बसवून बसल्याची उंची मोजून वहीत लिहिली, तरी ही वाढीची लाट ओळखता येते. त्यासाठी मोजपट्टी पुरते.

मुलींच्या बाबतीत वेगळी काळजी लागते. गुडघ्यातला एसीएल हा बंध तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा बरेच जास्त आहे, आणि पुष्कळदा तो धक्क्याशिवाय, उडीनंतर खाली येताना किंवा झटक्यात वळताना तुटतो. मैदानावर याला ‘लिगामेंट गेलं’ म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने सामना खेळू नये, असा आजचा वैद्यकीय कल आहे. नववीच्या शेवटी गुडघा गेला तर दहावीचा हंगाम जवळपास संपलाच. एका पायावर उडी मारून उतरताना गुडघा आत वळतो का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. शिस्तीने केलेल्या वॉर्मअपने, म्हणजे उतरण्याच्या, तोल सांभाळण्याच्या आणि मांड्यांच्या व्यायामांनी, हा धोका खरोखर कमी होतो.

नागपूरचे हवामान आणि परीक्षांचे वेळापत्रक यात भर घालतात. शिवाजीनगर, बजाजनगर अशा भागांत बास्केटबॉल संध्याकाळचा नित्यक्रम आहे. पण उघड्यावरचे सिमेंटचे कोर्ट पायाला लाकडी कोर्टासारखे झेलत नाही. परीक्षेच्या महिन्यांत मुले घरी बसतात आणि मग उन्हाळी शिबिरात एकदम सकाळ-संध्याकाळ धावू लागतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे दुपार टळते, पण दोन सत्रांचा भार तसाच राहतो. हाडांना सूक्ष्म तडे जातात ते एकूण खेळामुळे कमी आणि अशा अचानक वाढीमुळे जास्त. शिबिराचा पहिला पंधरवडा एकाच सत्राचा ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे. त्यावर शाळा, क्लब आणि जिल्हा असे तीन संघ एकाच मुलाला खेळवतात, तेव्हा त्याच्या उड्यांचा एकत्र हिशेब कोणाकडेच नसतो.

त्यामुळे ‘घ्यायचा की नाही’ हा प्रश्नच इथे गौण ठरतो. गुणी पण नाजूक मुलाला वगळणे अन्यायाचे आहे, आणि त्याला पूर्ण ४० मिनिटे खेळवणे त्याहून वाईट. संघात घेऊन वाढीच्या वर्षात सामन्याच्या चारपैकी दोनच क्वार्टर (भाग) खेळवणे, आठवड्यात दोन दिवस सक्तीने विश्रांती देणे, उरलेल्या वेळात फ्री थ्रो (फाउलनंतरची मोकळी फेक) आणि पासिंग घोटवून घेणे, हे नागपुरातल्या कुठल्याही मैदानावर जमण्यासारखे आहे. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली मुलगी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर खुर्चीवर बसून बास्केटमध्ये चेंडू टाकण्याचा सराव करू शकते. तिचे नाव तेवढे हजेरीतून काढू नये.